पहिली फळी घरची

सोमवार, ४ मार्च

चि. भिंगरीस,

तुझी चिठ्ठी मिळाली. 'पाळणा मिळाला. छान आहे.' बस? अगं, विजेच्या बिलावरसुद्धा याहून जास्त मजकूर असतो! पण इतकी वर्षं एक ओळ न लिहिणाऱ्या मुलीने चार शब्द लिहिले, म्हणजे मी पेढेच वाटायला हवेत.

मुलगी झाल्याचं मला जावईबापूंनी सांगितलं. फोनवर. मागून बाळाचं रडणं ऐकू येत होतं, आणि तुझा आवाजही. तू फोनवर आली नाहीस, मीही 'दे तिला' म्हटलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तुझाही आणि माझाही.

पाळण्याला एकही खिळा नाही बरं का. सगळे जोड खाचेत बसवलेले. पॉलिश मुद्दाम मारलं नाही. दात येताना पोरं कठडा चावतात, तूही चावायचीस. नुसतं तेल चोळलंय. आणि लाकडाचं म्हणशील तर घरची रीत तुला माहीतच आहे. मोठा ओंडका चिरला की पहिली निर्दोष फळी घरची, मग गिऱ्हाईक राजा असो नाहीतर महाराजा. तुझ्या आईचं कपाट असंच झालं, तुझं अभ्यासाचं टेबलही. आता तर नात आलीय. असलं लाल गाभ्याचं लाकूड मी जन्मात रंध्याखाली घेतलं नव्हतं. हात फिरवून बघ, लोण्यासारखं आहे.

तुकडा बघून झाडाचा खुंट शोधणाऱ्या त्या लॅबमध्ये तू नोकरी धरलीस, तेव्हा 'लाकडाच्या घरात वाळवी जन्मली' असं मी चारचौघांत म्हणालो होतो. ते काही मागे घेत नाही. पण वाळवीलाही पोरं होतात आणि पोरांना पाळणे लागतात, एवढं मला कळतं.

तुझा दादा बरा आहे. धंदा बराचसा तोच बघतो आता.

बाबा

गुरुवार, १४ मार्च

चि. भिंगरीस,

हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतोय, तो आपल्या ओळखीचा आहे. फोन करू नकोस. माझा आणि दादाचा, दोन्ही फोन त्यांनी नेलेत.

काल वखारीवर धाड पडली. जंगल खात्याचा रेंजर स्वतः, त्याची माणसं, आणि तुमच्या लॅबच्या पिशव्या. प्रत्येक फळीला गिरमिटाने भोक पाडून चिमूटभर भुसा पिशवीत, पिशवीवर आकडा. बापाच्या वखारीत मुलीच्या ऑफिसच्या पिशव्या! कामगार माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

राखीव जंगलातलं ते म्हातारं झाड कुणीतरी पाडलं. तेच, ज्याला तू आणि दादा लहानपणी हात पसरून मिठी मारायचात आणि तरी हात पुरायचे नाहीत. राखणीला एक गार्ड होता, त्याचं डोकं फोडलं. दवाखान्यात आहे, शुद्ध नाही. वाईट झालं. फारच वाईट झालं. पण वाईट झालं की लोक आधी वखारवाल्याकडेच बघतात, हे तुला नवीन नाही.

वखारीत त्यांना काही सापडणार नाही. होतं नव्हतं ते लांब गेलं, भुसासुद्धा जळला. म्हणजे नेहमी जळतो तसा, बंबाखाली.

आता तुझ्याकडे एक काम. पाळणा परत पाठव. डावा कठडा मी घाईत बसवला होता, सैल पडेल, बाळाचं बोट अडकेल. जावईबापूंना बसस्टँडवर आणून द्यायला सांग, हाच ड्रायव्हर घेऊन येईल. दुसरा करून देतो, याहून चांगला. आणि तोवर लॅबमधल्या कुणाला बाळ बघायला घरी बोलावू नकोस. लहान बाळ आहे, उगीच सर्दी-पडसं व्हायचं.

लवकर कर.

बाबा

शुक्रवार, २२ मार्च

चि. भिंगरीस,

ड्रायव्हर दोनदा रिकाम्या हाताने आला. दुसऱ्यांदा म्हणाला, "काका, तुमचे जावई स्टँडवर आले होते, पण नुसतेच उभे राहून गेले." म्हणजे पत्र मिळालंय. म्हणजे तू ठरवून पाठवत नाहीयेस.

ठीक आहे. तू माझी मुलगी आहेस, तुझ्यापुढे किती वेळ पांघरूण ओढून बसू? कठडा सैल नाही. माझ्या हातचा कठडा सैल होईल का गं?

दादा तो ओंडका रविवारी दुपारी घेऊन आला, वखार बंद असताना. टोकाला जंगल खात्याच्या हातोड्याचा शिक्का नव्हता. लाकूड ओलं होतं, कापल्या जागेतून पाणी सुटत होतं. मी विचारलं, "कुठला?" तो म्हणाला, "बाबा, करवत लावा, प्रश्न नका लावू." मी करवत लावली. गार्डचं मला तेव्हा माहीत नव्हतं, हे देवाशपथ खरं. फळ्या त्याने सोमवारी हलवल्या. पहिली फळी मी रीतीप्रमाणे बाजूला काढली होती, आणि गार्डचं कळायच्या आत पाळणा तुझ्या दारात होता. त्या झाडाचा आता एवढाच तुकडा उरलाय जो कुणाला सापडू शकतो, आणि तो तुझ्या घरात झुलतोय.

वखारीतल्या पिशव्या कोऱ्या निघाल्या म्हणे. रेंजर हात चोळत बसलाय. तेव्हा आता काय म्हणायचं ते नीट वाच.

पाळणा आपल्या अंगणातल्या झाडाचा आहे. त्या झाडाचा तोडीचा परवाना माझ्याकडे गेल्या वर्षापासून पडून आहे, छपरावर फांदी आली होती म्हणून काढलेला. मी फांदी तोडली आणि झाड ठेवलं. तर आता ते झाड पाडलंय. परवा. खुंट आहे, परवाना आहे, लाकूड आहे, झालं. एका परवान्यावर चार ओंडके पास करणं हे या धंद्यातलं जुनं शहाणपण आहे, रेंजर लोकांनाही माहीत असतं. कागद जुळला की कुणी काही विचारत नाही.

हो, तेच झाड. तुझ्या आईने लावलेलं. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही, मीच पाडलं. पडताना पूर्वेकडे वळलं, तिची वाळत घालायची दोरी अजून खिळ्याला होती, ती तुटली. मग मी दोरी गुंडाळून पायरीवर ठेवली. दादा म्हणाला, "चला, एक काम झालं." त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. नाही वाजवली. तो आत जाऊ नये म्हणूनच पाडलं होतं ना!

कुणी विचारलं तर अंगणातलं झाड. एवढंच बोल. तू खोटं बोलत नाहीस, माहीत आहे. मग गप्प राहा. गप्प राहणं तर तुला जमतंच.

बाबा

शनिवार, ३० मार्च

भिंगरे,

चिरंजीव वगैरे घालायला आज हात वळत नाही.

तुझं पत्र आलं. या वेळी चार शब्द नाहीत, चांगली चार पानं. चार वेळा वाचली. म्हणजे पाळणा पोचला त्याच दिवशी तू तो उलटा केलास आणि तळाची एक ढलपी काढलीस? बापाने नातीसाठी पाठवलेला पाळणा! आधी बाळाला त्यात ठेवलंस की आधी ढलपी काढलीस, एवढं तरी सांग.

लिहितेस, 'त्याच आठवड्यात त्या खुंटाचा नमुना माझ्या टेबलावर आला होता. लाल गाभा बघितला आणि झोप उडाली.' जुळलं म्हणे. तंतोतंत. आणि अंगणातल्या झाडाचं सांगू नका म्हणतेस, कारण तो परवाना तुमच्या मशीनला वाचता येत नाही. प्रत्येक झाडाचा डीएनए आपला वेगळा. आपलं झाड आईने त्या म्हाताऱ्या झाडाच्याच बीपासून लावलं होतं, तेव्हा नमुना अर्धा जुळेल, पोर आईशी जुळावं तेवढा. पण पोर म्हणजे आई नव्हे.

हे मला आधी कळायला नको होतं का? एवढी वर्षं या धंद्यात काढली. लाकडाचा वास घेऊन कुठल्या डोंगरावरचं ते सांगतो, अशी माझी ख्याती! आणि मी एक परवाना दाखवायला तुझ्या आईचं झाड पाडून बसलो. उपयोग शून्य. नुसतं पाडलं.

पण त्याहून तुझी पुढची ओळ. 'मी घरची असल्यामुळे माझी तपासणी कोर्टात चालणार नाही. सोमवारी पाळणा आमच्या लॅबच्या मोठ्या बाईंच्या ताब्यात देणार आहे, त्या नव्याने तपासतील. पण लाकूड फक्त झाड सांगतं, माणूस सांगत नाही. पाळणा कुणी केला आणि ओंडका कुणी आणला, हे कुणीतरी सांगावं लागेल. सोमवारपर्यंत तुम्ही स्वतः रेंजरकडे जा.'

बापाला मुदत देतेस? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा! सख्ख्या भावाला आत घालायला निघालीस, आणि वर त्याचं नाव माझ्याच तोंडून हवं? करून सवरून तू नामानिराळी!

हे इथपर्यंत सकाळी लिहिलं. आता दुपार झालीय. वरचं खोडत नाही, रागावलो होतो ते खरंच होतं.

गार्डला बघायला गेलो होतो. का गेलो, विचारू नकोस. शुद्धीवर आलाय. तुझ्याएवढाच असेल. वखारीत शिक्के तपासायला यायचा, मला काका म्हणायचा, माझ्या माठातलं पाणी प्यायचा आणि "काका, तुमचं पाणी गोड, पण तुमचे कागद कडू" अशी चेष्टा करायचा. त्याला माणसं ओळखू येतात, पण शब्द सापडत नाहीत. मला बघून हसला. पाण्याच्या ग्लासाकडे बोट केलं आणि म्हणाला, "झाड." त्याची आई म्हणाली, "झाड नाही रे, पाणी." तो पुन्हा म्हणाला, "झाड." मग स्वतःच ओशाळला. कोणी मारलं ते त्याला आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, कदाचित कधीच आठवणार नाही.

त्या रविवारी दादाच्या शर्टाच्या बाहीवर रक्त होतं. मी विचारलं, तर म्हणाला, करवत लागली. हातावर ओरखडासुद्धा नव्हता. मी शर्ट धुवायला टाकला. म्हणजे मीच धुतला. हे मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं, आज लिहितोय. तेव्हा मला वाटलं होतं की न विचारलेलं म्हणजे न घडलेलं.

आणि एक. सकाळच्या रागाच्या भरात मी तुझं पत्र दादाच्या अंगावर फेकलं. त्याने वाचलं. पाळणा त्याच ओंडक्याचा आहे हे त्याला आजवर माहीत नव्हतं, अंगणातलं झाड लांब गेलेल्या फळ्यांसाठी पाडलं असंच तो समजत होता. ताट तसंच सारून उठला. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

बाबा

सोमवार, १ एप्रिल

चि. भिंगरीस,

काल काय घडलं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण इकडचं तुला माहीत नाही, म्हणून लिहितोय.

सकाळी दादाने जीप काढली. मागच्या सीटवर रॉकेलचा डबा ठेवताना मी पाहिलं. "कुठे?" म्हटलं. "भिंगरीकडे. भाची बघून येतो." मी जीपच्या आडवा झालो. त्याने खाली उतरून मला दोन्ही खांद्यांना धरून उचललं आणि बाजूला ठेवलं. रागाने नाही हं. गल्लीतून एखादं म्हातारं कुत्रं बाजूला करावं तसं. "पाळणा जाळतो आणि येतो. कुणाला काही होणार नाही," म्हणाला.

गार्डलाही काही होणार नव्हतंच की!

मी धावलो. या वयात, अनवाणी, औषधाच्या दुकानापर्यंत. दुकानदाराचा फोन हिसकावूनच घेतला म्हण ना. जावईबापूंना म्हटलं, "तो येतोय. माझा मुलगा आहे, पण दार उघडू नका." ते म्हणाले, "बाबा, तुम्ही नीट श्वास घ्या आधी." पहिल्यांदाच मला बाबा म्हणाले. मग फोन ठेवला आणि दुकानातल्या बाकावर बसून राहिलो. दुकानदाराने पाणी दिलं, तो ग्लास तसाच शेजारी ठेवला. तुझ्याकडे पोचायला जीपला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे, आणि तेवढा वेळ मी त्या बाकावर काय काय बघितलं ते कागदावर नको.

संध्याकाळी त्याच दुकानात जावईबापूंचा फोन आला. दादाने दारावर लाथा घातल्या, कडी वाकली, शेजारी बाहेर आले. आणि तू दाराला आतून पाठ लावून म्हणालीस, "दादा, ती पाळण्यात झोपलीय." आणि लाथा थांबल्या. मग पायरीवर टेकला म्हणे. डबा तिथेच ठेवून निघून गेला.

घाबरली होतीस का गं? काय विचारतोय मी. घाबरली असशीलच. मी त्याला ते पत्र दाखवलं नसतं, तर तुझ्या दारावर ती वेळ आली नसती. लेकरू पाळण्यात ठेवून तुला दाराला पाठ लावावी लागली, माझ्यामुळे.

दादा रात्रीच परत आला. आत्ता अंगणात आईच्या झाडाच्या खुंटावर बसलाय. मी ताट वाढून नेलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिचं कपाळ तुमच्यासारखं आहे का हो?" म्हटलं, "मी कुठे पाहिलंय?"

तो वाईट आहे असं मला अजून लिहिता येत नाही. पण तो पुन्हा निघेल, आज नाही तर उद्या. आणि पुढच्या दाराआड कोण असेल, कुणास ठाऊक.

उद्या मी रेंजरकडे जातोय. तुझी मुदत आज संपते, म्हणजे मी एक दिवस उशिराच. तेवढी सूट दे.

बाबा

गुरुवार, ४ एप्रिल

चि. भिंगरीस,

हे रेंजरच्या ऑफिसमधून लिहितोय, बाहेरच्या बाकावरून. कागद त्यांचाच. शिपाई शेजारी बसलाय, पण तो वाचत नाही, डुलक्या काढतोय.

मंगळवारी जबाब दिला. काल वकील भेटायला आले, दादाने लावलेले. त्यांनी पढवलं, "जबाब दबावाखाली दिला म्हणा. आणि पाळणा समोर आणला की ओळखू येत नाही म्हणा. वय झालंय, नजर गेलीय. बाजारात असे पाळणे शंभर असतात." खरंच सांगतो, मोह झाला. रात्रभर तेच घोळत होतं. ओळखू येत नाही, एवढेच तर शब्द! ते लाकूड कुठल्या झाडाचं ते तुमच्या मोठ्या बाईंनी लेखी दिलंय, पण ते लाकूड माझ्या घरात कुणी आणलं, हे जगात मी एकटाच सांगू शकत होतो. मी गप्प बसलो असतो तर दादा सुटला असता.

आज पाळणा आणला. टेबलावर ठेवला. कठड्याला दोऱ्याने आकड्याचा कागद बांधलेला, तळाला दोन ठिकाणी ढलप्या काढलेल्या, एक तुझी आणि एक त्यांची. तुझी बारीक आहे आणि कड नीट घासून घेतलेली आहे. बाळाला बोचू नये म्हणून ना? मी त्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला.

दादाला समोर उभं केलं होतं. रेंजर म्हणाला, "ओळखता का?"

मी म्हटलं, "माझ्या हातचा आहे. असा दुसरा कुणी करून दाखवावा."

"लाकूड कुणी आणलं?"

मी दादाकडे बघितलं. त्याची मान खाली नव्हती, सरळ माझ्याकडे बघत होता, शाळेतून मारामारी करून आला की बघायचा तसा. मी म्हटलं, "ह्याने. माझ्या मुलाने. आणि चिरलं मी. शिक्का नाही हे बघून चिरलं. आणि त्याच्या शर्टावरचं रक्तही मीच धुतलं. तेही लिहा."

रेंजरने लिहिलं. वकिलांनी कपाळाला हात लावला. दादा एवढंच म्हणाला, "बाबा, माझ्यासाठी आईचं झाड पाडलंत. मग आता काय झालं?"

तुझं दार आठवत होतं, त्या पोराचं 'झाड' आठवत होतं, पण ते त्याला सांगून काय उपयोग? तो माझा मुलगा आहे, त्याला उत्तर हवं होतं आणि माझ्याकडे नव्हतं. त्याला घेऊन गेले तेव्हा मी हात पुढे केला, त्याने धरला नाही. हे माझ्या जिवाला लागलंय, आणि लागलेलंच राहणार. तू बरोबर होतीस, हे लिहून देतो. पण बरोबर असल्याने मला बरं वाटत नाही, तुलाही वाटत नसेल. तो तुझाही दादा आहे.

मलाही ठेवून घेणार आहेत, निदान काही दिवस. वखारीला सील लावलंय. कामगारांची सोय करायला मी मुकादमाला सांगितलंय, तू त्यात पडू नकोस.

पाळणा परत मिळेल का, असं मी रेंजरला विचारलं. तो म्हणाला, खटला संपेपर्यंत मुद्देमाल. म्हणजे तोवर ती शाळेत जायला लागेल. तेव्हा सध्या तिला तुमच्याजवळच निजव, मधोमध. अंगणातल्या झाडाच्या फळ्या निघतील चांगल्या, पण मी बाहेर आल्यावर. तोपर्यंत कुणाला हात लावू देऊ नकोस.

शिपाई जागा झालाय, चला म्हणतोय. एक विचारायचं राहून गेलं. एवढी पत्रं लिहिली, पाळणा पाठवला, परत मागितला, भांडलो, पण हे विचारायला माझी जीभ रेटली नाही. जावईबापूंनीही आपणहून सांगितलं नाही, त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याला माहीत असेलच. आज जबाबाच्या कागदावर पाळणा कुणासाठी केला ते लिहायचं होतं. मी 'नातीसाठी' म्हटलं. रेंजरने विचारलं, "नाव?" आणि सगळ्या खोलीसमोर मला मान हलवावी लागली.

तिचं नाव काय ठेवलंत गं?

बाबा